इशारा वाजत होता

लागोपाठ चार गुरुवार उद्धवराव खोसे यांचं विमान मागून आलेल्या क्षेपणास्त्रानं पडलं, आणि चारही वेळा त्यांना आधी कसलीच सूचना मिळाली नाही.

विमान अर्थातच खरं नव्हतं. चिखलीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या खिडकीखाली ठेवलेल्या संगणकावर ते उडायचं. पण हा खेळ मोबाइलवर बोटं नाचवायच्या खेळांतला नव्हता. त्यातल्या लढाऊ विमानाचं नुसतं इंजिन सुरू करायचं तरी बावीस बटणं ठरावीक क्रमानं दाबावी लागत. बॅटरी, हायड्रॉलिक, रडार, वेग मोजणारी नळी, सगळं खऱ्या विमानासारखं चालायचं आणि खऱ्या विमानासारखंच बिघडायचं. उद्धवरावांना त्यातलं उडणं आवडायचं, पण बिघडणं जास्त आवडायचं.

चाकणच्या एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये ते अठरा वर्षांपासून मेंटेनन्स फिटर होते. गाड्यांच्या दारांचे, बॉनेटचे पत्रे ठोकणारी तिथली प्रेस मशीनं चारशे-चारशे टनांची. एखादी बंद पडली की सगळी लाइन थांबते आणि माणसं हात बांधून उभी राहतात. अशा वेळी उद्धवराव यायचे, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. अर्ध्या मिनिटानं सांगायचे, "आतली रिंग गेलीय," किंवा "तेल नाही पोचत." खोललं की तेच निघायचं. नवीन पोरं त्यांना मागून डॉक्टर म्हणायची. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

मूळचे ते परंडा तालुक्यातले. एकोणिसाव्या वर्षी हवाई दलाच्या भरतीला गेले होते. धावण्यात पहिल्या दहांत आले आणि इंग्रजीच्या पेपरात गेले. मग आयटीआय, मग भोसरीतली छोटी वर्कशॉपं, मग चाकण. भरतीची गोष्ट ते कुणाला सांगत नसत. पण लोहगावहून उडालेलं लढाऊ विमान मोशीवरून गेलं की हातातलं काम ठेवून वर बघायचे, हे त्यांच्या बायकोनं, जयमालाबाईंनी, लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षात टिपलं होतं.

मुलगी योगिनी हिंजवडीला नोकरीला लागली, तिला कंपनीनं लॅपटॉप दिला आणि कॉलेजातला तिचा संगणक घरी नुसता पडून राहिला. तेव्हा तीच म्हणाली, "पप्पा, विमानांचे व्हिडिओ किती बघाल? उडवून बघा की." तिनं तो खेळ त्यात टाकून दिला, विमान वळवायची दांडी जोडून दिली आणि साडेसहाशे पानांचं माहितीपुस्तक झेरॉक्सवाल्याकडून तीन भागांत स्पायरल बाइंड करून आणलं. सगळं इंग्रजीत. पहिल्या दिवशी उद्धवरावांनी ते नुसतं चाळलं आणि ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी पेन्सिल घेऊन बसले. वाक्य व्हॉल्व्हबद्दल होतं, आणि व्हॉल्व्ह त्यांना ठाऊक होता. भरतीच्या पेपरात कुणा इंग्रज कवीच्या बागेबद्दल विचारलं होतं. इथे दाब किती, तापमान किती, कुठला दिवा कधी लागतो, एवढंच होतं. आठ महिन्यांत तिन्ही भाग वाचून झाले.

खेळात एक सोय होती. यंत्रणेत कुठलाही बिघाड, कुठल्याही मिनिटाला, आपोआप होऊ दे, असं ठरवून ठेवता यायचं. बाकीचे लोक ती सोय बंद ठेवत. उद्धवराव मुद्दाम चालू ठेवत. पहिल्या शिफ्टहून घरी येऊन, चहा पिऊन, पाच वाजता बसायचे आणि साडेसहापर्यंत एखादा बिघाड शोधून काढायचे. गुरुवारी कंपनीला सुट्टी. त्या दिवशी सकाळी दहापासून सात-आठ मराठी माणसं इंटरनेटवर जमून एकत्र उडत. कुणी नाशिकचा, कुणी कोल्हापूरचा, सगळे कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलत. हळूहळू त्यांच्यात असा रिवाज पडला की विमानात काही अडलं की उद्धवरावांना विचारायचं.

"उद्धवभाऊ, ढगात शिरलो आणि वेगाचा काटा सरळ शून्यावर. गेम हँग झालाय."

"गेमला काही झालेलं नाही. नाकासमोर बारीक नळी असते, तिच्यात शिरणाऱ्या वाऱ्यावर वेग कळतो. ढगात बर्फ साचून ती बुजते. उजव्या हाताला हीटरचं बटण आहे, ते चालू केलं होतं का?"

मिनिटभरानं, "आला की राव वेग."

या गटात सोपानराव होते. आळंदीजवळच्या चऱ्होलीचे, जुन्या शेतकरी घरातले, पण त्यांनी हवाई दलात वीस वर्षं खऱ्या विमानांच्या उपकरणांवर काम केलेलं. ते स्वतः फारसं बोलत नसत. एकदा उद्धवरावांनी कुणाला तरी बिघाड समजावून सांगितला तेव्हा मात्र म्हणाले, "उद्धवराव, तुमी आमच्याकडं आला असता तर बरं झालं असतं." त्या दिवशी उद्धवराव जेवताना दोनदा हसले आणि जयमालाबाईंनी विचारलं तरी का ते सांगितलं नाही.

तर असा माणूस चार गुरुवार न कळता पडत होता.

शत्रूचं रडार आपल्या विमानावर रोखलं गेलं की ते ओळखणारा सेन्सर विमानाच्या शेपटीत आणि पंखांत असतो. नुसतं शोधणारं रडार असेल तर हेडफोनमध्ये जाडसर टुक-टुक वाजतं. क्षेपणास्त्र सुटलं की बारीक, सलग आवाज लागतो आणि गुडघ्याजवळच्या पट्टीत लाल दिवा पेटतो. पण त्या क्षणी वैमानिक मान वळवून मागे बघत असतो. त्याला दिवा दिसत नाही, त्यानं आवाजावरच वळायचं असतं. उद्धवरावांना टुक-टुक नीट ऐकू यायचं. त्यानंतरचा आवाज यायचाच नाही. एकदम स्फोट.

त्यांनी वही काढली. कंपनीतल्या सवयीप्रमाणे चार रकाने आखले: लक्षण, शक्यता, तपासलं, निकाल. यंत्रणेचा वीजपुरवठा बघितला, चालू. फ्यूज बघितला, शाबूत. आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं. बिघाडांची सोय बंद करून उडाले, तरी तेच. यंत्रणा तपासायचं एक वेगळं बटण असतं, ते दाबलं की सगळे दिवे लागून सगळे आवाज ओळीनं वाजायला हवेत. दिवे लागले. टुक-टुक वाजलं. पुढे काही नाही. म्हणजे सेन्सर बरोबर, दिव्याची लाइन बरोबर, आवाजाची लाइन कुठेतरी तुटलेली. हेडफोन बदलला. योगिनीचा घेतला. सगळा खेळ काढून पुन्हा टाकला, त्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. वहीची अडीच पानं भरली आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येक ओळीला एकच शब्द होता: ठीक.

सोपानरावांनी सांगितलं, "पडद्याचं रेकॉर्डिंग धाडा." उद्धवरावांनी धाडलं. तासाभरानं फोन आला.

"आवाज हाय की ह्यात."

"कुठला?"

"बारीकवाला. दिवा लागल्याबरोबर सुरू व्हतोय."

"मग रेकॉर्डिंगमध्ये येतोय आणि माझ्या हेडफोनपर्यंत पोचत नाही. संगणकाचं साउंड कार्ड गेलं असणार."

सोपानरावांनी रेकॉर्डिंग पुन्हा एकदा लावून ऐकलं. मग म्हणाले, "मीच येतो गुरुवारी. बघू समोर बसून."

ते आले तेव्हा अकरा वाजले होते. आळंदीहून बसनं मोशीपर्यंत आणि तिथून रिक्षानं. उंच, सडसडीत, पांढऱ्या मिशा बारीक कापलेल्या. दोघं पहिल्यांदाच समोरासमोर भेटत होते, तरी ओळखपाळख करायला पाच मिनिटंही घालवली नाहीत. उद्धवरावांनी खुर्ची दिली, वही उघडून दाखवली. सोपानरावांनी अडीचही पानं वाचली. "काम चोख केलंय," म्हणाले. मग तपासणीचं बटण दाबलं. उद्धवरावांनी आवाज पुरता वाढवून ठेवलेलाच होता. हेडफोन टेबलावर पडलेले होते.

दिवे लागले. टुक-टुक झालं. मग सोपानराव नुसतेच उद्धवरावांच्या तोंडाकडे बघत राहिले.

जयमालाबाई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. "अहो, ते बंद करा आधी," त्या म्हणाल्या. "दर गुरुवारी नुसतं किरकिरायलंय. बारीक शिट्टी डोक्यात जाते."

"कुठली शिट्टी?" उद्धवरावांनी विचारलं.

"ही काय, आता वाजायलीय ती."

सोपानरावांनी बोट उचललं. "आता थांबली," जयमालाबाई म्हणाल्या. सोपानरावांनी पुन्हा बटण दाबलं. "आता लागली." ट्रे हातात धरून, दहा-बारा फुटांवरून, हेडफोन कानाला न लावता, त्या सांगत होत्या. तिसऱ्यांदा सोपानरावांनी बटण सोडलं. जयमालाबाईंनी ट्रे टीपॉयवर ठेवला.

उद्धवरावांनी हेडफोन उचलून कानाला लावले. बटण स्वतः दाबलं. लाल दिवा पेटलेला त्यांना दिसत होता. कानात काही नव्हतं. बोट तसंच दाबून ते किती वेळ बसले कुणास ठाऊक. शेवटी सोपानरावांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"आमच्याकडं इंजिन चालू करून तपासत्यात, तवा शेजारी उभं ऱ्हावं लागतं," ते म्हणाले. "ज्यांनी कानाला बोळं लावलं न्हाईत, त्यांचं चाळिशीत असंच झालं. जाडा आवाज येतो, बारीक जातो. माणसाला कळतच न्हाई, कारण येतंय तेवढं येतंयच की."

"मी मशीन ऐकून सांगतो, सोपानराव," उद्धवराव म्हणाले. "माझं कामच ते आहे."

"व्हय. म्हणूनच दाखवून घ्या."

चहा झाला, पोहे झाले. सोपानराव निघाल्यावर जयमालाबाईंनी कपबशा गोळा केल्या, आणि नळाखाली धरता धरता, पाठ फिरवूनच, काहीतरी बोलल्या. नेहमी उद्धवराव "काय तोंडातल्या तोंडात बोलतेस" म्हणायचे. त्या दिवशी ते उठून त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले. "पुन्हा सांग," म्हणाले.

"म्हणलं, मला वाटायचं तुम्ही मुद्दाम ऐकत नाही."

चिंचवडच्या कानाच्या डॉक्टर बाईंनी त्यांना बंद खोलीत बसवून तपासलं आणि कागदावरचा आलेख पुढे ठेवला. डावीकडे, जाड आवाजांच्या बाजूला, रेघ बरी होती, उजवीकडे, बारीक आवाजांच्या बाजूला, जिन्यावरून घसरल्यासारखी खाली गेलेली. "जाड आवाज तुम्हाला चांगले येतात," त्या म्हणाल्या. "वरच्या पट्टीतले, बारीक गेलेत. शिट्टी, पक्षी, मोबाइलची घंटी. बोलण्यातले स, श, त. बायकांचे, मुलींचे आवाज जास्त अडतात. हे परत येत नाहीत, पण आहेत ते जपता येतात. कंपनीत दरवर्षी तपासणी होत नाही का?"

"होते."

"मग त्यात आलं नाही कधी?"

दर फेब्रुवारीत कंपनीच्या आवारात तपासणीची गाडी यायची. माणसाला काचेसमोर बसवत, काचेपलीकडे एक पोरगी यंत्राची बटणं दाबायची, आवाज आला की आपण हातातलं बटण दाबायचं. पोरगीचा हात हलला की उद्धवराव बटण दाबत. आवाज आलाच असणार, आपलंच लक्ष नसेल, असं समजून. सगळेच तसं करत. बाहेर लाइन खोळंबलेली असायची आणि अनफिट शिक्का कुणालाच नको होता. दरवर्षी त्यांच्या कागदावर फिट यायचं. मशीनच्या तपासणीत असलं कुणी केलं असतं तर त्यांनी त्याला फाडून खाल्लं असतं.

हे त्यांनी डॉक्टर बाईंना सांगितलं. जयमालाबाई शेजारी बसून ऐकत होत्या.

शनिवारी योगिनी घरी होती. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "गेममधला आवाज तर बदलता येतो, पप्पा. तो ऑडिओची साधी फाइल आहे." अर्ध्या तासात तिनं त्या बारीक शिट्टीच्या जागी जाडसर भोंगा बसवला. उद्धवराव उडाले. मागून शत्रू आला, टुक-टुक झालं आणि मग कानात भोंगा घुमला. त्यांनी दांडी डावीकडे ओढली, विमान पालथं झालं, क्षेपणास्त्र बाजूनं निघून गेलं. योगिनीनं टाळ्या वाजवल्या. तेही हसले. मग त्यांनी दांडी सोडून दिली आणि विमान आपलं आपण सरळ जात राहिलं. त्यांच्या डोक्यात एक पंप आला होता.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. करिष्मा नावाची मुलगी दीड वर्षापूर्वी मेंटेनन्सला लागली होती. खेड तालुक्यातल्या कडूसची, आयटीआय केलेली, विचारल्याशिवाय न बोलणारी. तिनं एक दिवस उद्धवरावांना सांगितलं, "काका, तीन नंबर प्रेसचा तेलाचा पंप बारीक शिट्टी मारतोय. हवा ओढत असेल." उद्धवरावांनी स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं, डोळे मिटून. काही नव्हतं. त्यांनी लॉगबुकात लिहिलं: तपासलं, आवाज नाही, ठीक. बारा दिवसांनी पंप जाम झाला आणि तीन नंबर प्रेस दीड शिफ्ट बंद राहिली. चौकशीत त्यांनी खरं तेच सांगितलं. मुलगी बोलली होती, पण मी ऐकलं तेव्हा आवाज नव्हता. अठरा वर्षं काम केलेल्या माणसाचा कान आणि दीड वर्षापूर्वी लागलेली मुलगी. मग कुणीतरी म्हणालं की आपलं म्हणणं खरं करायला तिनंच नंतर, हवा शिरावी म्हणून, पाइप आवळणारा क्लॅम्प सैल केला असेल. ते कागदावर आलं. करिष्माला मेमो मिळाला आणि तिची बदली स्पेअर पार्टच्या स्टोअरला झाली. उद्धवरावांनी क्लॅम्पबद्दल एक शब्द काढला नव्हता. पण दुसऱ्यानं काढला तेव्हा नाहीही म्हटलं नव्हतं.

सोमवारी चहाच्या सुट्टीत ते स्टोअरच्या खिडकीशी गेले.

"स्लिप द्या काका," करिष्मा म्हणाली.

"स्लिप नाही. तुझ्याशी बोलायचंय."

तिनं पेन खाली ठेवलं. उद्धवरावांनी आलेखाचा कागद खिडकीतून आत सरकवला आणि सगळं सांगितलं. शिट्टी, डॉक्टर, पंप. बोलताना ते तिच्या ओठांकडे बघत होते, आणि आपण तसं कैक वर्षांपासून सगळ्यांच्याच ओठांकडे बघत आलोय, हे त्यांना तेव्हा कळलं.

करिष्मानं कागद बराच वेळ बघितला. "मला वाटलं होतं तुम्ही मला खाली दाखवायला तसं म्हणालात," ती म्हणाली. "आणि मग वाटायला लागलं, मलाच भास झाला असेल. घरी आईसुद्धा तेच म्हणाली. मी दोन महिने येता-जाता पंपांजवळ थांबून ऐकायचे. मला खरंच ऐकू येतं का, ते बघायला."

उद्धवराव हात जोडू लागले.

"माझी माफी मागू नका काका. तुम्ही मोठे आहात, मला कसंतरी होतं. सरांना सांगा. आणि तोंडी नको, लिहून द्या."

घरी येऊन त्यांनी वही उघडली. संगणक लावला नाही. चार रकाने आखले. लक्षणाखाली लिहिलं: तीन नंबर पंपाची शिट्टी, करिष्मानं कळवली, मला ऐकू आली नाही. शक्यतेखाली: पंप ठीक आहे, असं मी धरलं. तपासलंच्या खाली ते अडले. काय काय तपासलं नव्हतं ते लिहिता लिहिता पान संपलं. जयमालाबाई चष्मा लावून शेजारी बसल्या आणि वाचू लागल्या. "तुमचं काम काढून घेतील काय?" त्यांनी विचारलं.

"घेतीलही."

"मग द्यायचंच का हे?"

"ती पोरगी स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजायलीय, जयमाला."

सकाळी डब्यासोबत तो कागद जयमालाबाईंनीच प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला.

मेंटेनन्सचे मॅनेजर प्रीतम सर उद्धवरावांपेक्षा बारा वर्षांनी लहान. कामाला लागले तेव्हा पहिलं बेअरिंग त्यांना उद्धवरावांनीच ऐकवलं होतं. त्यांनी कागद दोनदा वाचला. "हे मला वर पाठवावं लागेल," म्हणाले. "तुमच्या फिटनेसचा प्रश्न निघणार. तो निघाला की पुढचं माझ्या हातात राहत नाही. नीट विचार करून द्या. हवं तर मी हे आज वाचलं नाही असं समजतो."

"तुम्ही वाचलंय," उद्धवराव म्हणाले.

तीन आठवडे काही झालं नाही. मग एकाच दिवशी दोन कागद आले. करिष्माचा मेमो मागे घेऊन तिला परत प्रेस शॉपला पाठवलं होतं. उद्धवरावांना प्रेस शॉपमधून काढून मागच्या शांत खोलीत, व्हॉल्व्ह आणि सिलिंडर दुरुस्त करायच्या टेबलावर बसवलं होतं. मशीन ठीक असल्याची सही आता त्यांना करता येणार नव्हती. काम खालच्या दर्जाचं नव्हतं, पण लाइन बंद पडल्यावर धावत बोलवायला येणारी माणसं आता त्यांच्या दारावरून पुढे जायची. पहिला महिना त्यांना ते फार लागलं. मशीन ऐकायचा तो लांब स्क्रूड्रायव्हर त्यांनी करिष्माला दिला नाही. द्यावासा वाटला होता, पण ते नाटक झालं असतं. तिच्यासाठी कंपनीनं पंपाची थरथर मोजणारं यंत्र घेतलं होतं आणि ती ते छान चालवत होती.

डॉक्टर बाईंनी लिहून दिलेलं, ऐकण्यासाठी कानात घालायचं यंत्र मिळालं तेव्हा वाटलं होतं सगळं परत येईल. आलं ते आधी नको ते: प्लास्टिकच्या पिशव्या, बसचे ब्रेक, स्वतःच्या चपलांचा आवाज. दोन दिवस डोकं दुखलं. तिसऱ्या दिवशी योगिनी फोनवर मैत्रिणीशी बोलत होती, ते बोलणं त्यांना पलीकडच्या खोलीतून अख्खं समजलं. मुलीचा आवाज आपल्याला वाटायचा त्याहून बराच धारदार आहे, हे त्यांना माहीतच नव्हतं. ते तिथेच उभे राहून ऐकत राहिले आणि तिनं दार लोटून घेतलं.

फेब्रुवारीत तपासणीची गाडी आली. आदल्या आठवड्यात उद्धवराव प्रीतम सरांकडे जाऊन म्हणाले होते, "खुर्ची उलटी ठेवायला सांगा. काचेकडे पाठ करून." तेवढीच मागणी. खुर्ची फिरवली गेली. त्या वर्षी प्रेस शॉप आणि वेल्डिंग मिळून एकवीस जणांच्या आलेखाची रेघ उतरलेली निघाली. कंपनीनं चांगल्या प्रतीचे इअरमफ आणले, ते न लावता आत जाणाऱ्याला सिक्युरिटीवाला थांबवू लागला. तरुण पोरांना त्याचं काही वाटलं नाही. जुन्यांपैकी काहींचं काम बदललं, काहींचा ओव्हरटाइम गेला.

त्यांतला एक भैरू, वेल्डिंग लाइनचा, कंपनीच्या बसमध्ये बारा वर्षं उद्धवरावांच्या शेजारी बसत आलेला. त्यानं जागा बदलली. तीन सीट मागे बसायला लागला. एकदा उतरताना म्हणाला, "तुझं गेलं ते गेलं, आमचं कशाला काढलंस?" उद्धवरावांना ते नीट ऐकू आलं. उत्तर होतं त्यांच्याकडे, डॉक्टर बाईंनी सांगितलेलं, पटण्यासारखं: उरलंय ते तरी जपता येतं. पण बसच्या पायरीवर उभ्या माणसाला ते सांगून काय होणार? "खरं आहे तुझं," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिखलीच्या थांब्यावर बस आली तेव्हा भैरू नेहमीप्रमाणे मागच्या सीटवर होता. डोळे मिटलेले. शेजारची जागा रिकामी होती. उद्धवराव पुढच्या आपल्या जागेपाशी थांबले, मग चालत्या बसमध्ये एकेक सीट धरत धरत मागे गेले आणि त्याच्या शेजारी बसले. भैरूनं डोळे उघडले नाहीत, पण जागा करत खिडकीकडे थोडा सरकला. मोशी गेलं, इंद्रायणीचा पूल गेला, चाकणच्या अलीकडची ट्रकांची रांग सुरू झाली. बस थांबत, सरकत चालली होती, आणि दोघं शेजारी-शेजारी बसून होते.